सलगी

परवा आमच्या जुन्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं, "सी लायनांचा पर्यटकांवर भीषण हल्ला!! पाहा लोक कसे जीव मुठीत धरून पळाले!!" पुढे डोळे विस्फारलेले तीन पिवळे चेहरे. मी व्हिडिओ उघडला आणि पहिल्या क्षणालाच जागा ओळखली. त्या कड्याखालची चिमुकली वाळू, तिथं उतरायच्या पायऱ्या, डावीकडचे खडक. सॅन दिएगोचं ला होया. (लिहितात जे, वाचायचं ह. स्पॅनिश नाव आहे. मी पहिल्या दिवशी 'ला जोला' म्हटलं होतं आणि नात पोट धरधरून हसली होती.)

हा व्हिडिओ ताजा नाही. तो जुलै २०२२ मधला आहे, दर दोन-चार महिन्यांनी नवा मथळा लावून फिरत असतो. त्यात दिसतं ते असं. लोक टॉवेल पसरून बसलेत, मुलं पाण्यात खेळताहेत, आणि एकदम दोन मोठे सी लायन वाळूवरून धावत सुटतात. हो, धावतात ते. पुढच्या वल्ह्यांवर अंग उचलून चांगले जोरात धावतात. लोक किंचाळत बाजूला होतात. ते दोघे सरळ पाण्यात शिरतात आणि निघून जातात. कोणाला चावले नाहीत, कोणाकडे वळूनही पाहिलं नाही. तिथल्या जाणकारांनी तेव्हाच सांगितलं होतं की हा हल्ला नव्हे, ते दोन नर एकमेकांच्या मागे लागले होते. विणीचा हंगाम होता. नरानराचं भांडण चाललं होतं आणि त्या भांडणाच्या मधोमध माणसं टॉवेल टाकून पहुडली होती. बस, एवढंच. आपल्याकडे रस्त्यात दोन वळू झुंजतात तेव्हा आपण दुकानाच्या पायरीवर चढतो. 'वळूंचा पादचाऱ्यांवर हल्ला' असं म्हणत नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. लांबलचक लिहिलं, सवय जात नाही. कोणी वाचलं नसावं. एकानं "फार डेंजर प्राणी" असं लिहिलं, एकीनं हात जोडल्याचं चित्र टाकलं. आणि आमचे एक जुने सहकारी, सज्जन माणूस, त्यांनी लिहिलं, "बाई, एवढं मनावर घेऊ नका. लोक प्रेमानेच तर जातात प्राण्यांजवळ."

त्यांच्या या वाक्याला त्या चौकटीत उत्तर देता आलं नाही, म्हणून हे इथं लिहिते आहे.

आधी थोडी ओळख करून द्यायला हवी, कारण हा प्राणी आपला नाही. अरबी समुद्रात सी लायन नाहीत. म्हणून त्याला मराठीत रुळलेलं नावही नाही. 'समुद्रसिंह' असं कोशात करता येतं, पण तसं म्हणून मी कोणाशी बोलले तर समोरचा आयाळ शोधेल. सीलचा हा भाऊबंद. फरक सांगायचा तर सी लायनला कानाच्या जागी छोट्या पाकळ्या असतात आणि तो पुढच्या वल्ह्यांवर उभा राहून चालतो. त्या किनाऱ्यावरचा हार्बर सील बिचारा पोटावर सरपटतो. कॅलिफोर्नियातला नर साडेतीनशे किलोपर्यंत भरतो, मादी साधारण शंभर किलोची. म्हणजे नर हा चांगल्या खात्यापित्या म्हशीच्या जवळपास गेला. हे वजन लक्षात असू द्या. कारण ज्याच्याबरोबर लोक गालाला गाल लावून फोटो काढायला बघतात तो कुत्रा नव्हे. भुंकतो मात्र अगदी कुत्र्यासारखा, आणि तोंडही तसंच लोभस. घोटाळा तिथंच होतो.

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलायचा मला अधिकार नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यात मी लेकीकडे गेले होते. जुलैचा महिना. शनिवारी तिनं आणि जावईबापूंनी आम्हाला ला होयाला नेलं. वर हिरवळीची मोठी बाग, खाली कडा, कड्यावर पाणकावळे आणि पेलिकन, आणि सगळीकडे वास. तो वास मला सांगता येणार नाही. भाऊच्या धक्क्यावरून उन्हाळ्यात दुपारी चालत गेलेल्याला थोडी कल्पना येईल. (या वासापायी तिथल्या काही लोकांनी २०१३ साली शहराविरुद्ध दावा लावला होता. पुढे तो टिकला नाही.) आणि त्या वासात खडकांवर एकमेकांच्या अंगावर पसरलेले सी लायन. उन्हात निजलेले. त्यांच्या मधून माणसं हिंडताहेत, अगदी जत्रेत हिंडावं तशी. एका बाप्यानं आपलं पोर निजलेल्या मादीच्या पाठीशी उभं केलं होतं आणि तो मागे मागे सरकत फोन जुळवत होता.

मला ते सगळं फार आवडलं, खोटं कशाला बोलू? पन्नास वर्षं मी मुलांना पुस्तकातून प्राणी दाखवले, घरच्या आणि शाळेच्या मिळून. इथं ते प्रत्यक्ष समोर होते. नात सहा वर्षांची. तिचा हात धरून मी खडकावर उतरले. लेक म्हणाली, "आई, नको गं पुढे जाऊ, ओलं आहे." मी म्हटलं, "काही होत नाही."

एक पिल्लू होतं. काही आठवड्यांचं असेल. काळसर, ओलं, मोठ्या डोळ्यांचं. आईच्या पोटाशी लागून दूध पीत होतं. मी नातीला म्हटलं, "जा, जवळ जा, हात लाव हळूच. काही करत नाही ते." नात घाबरली होती. तिचा हात मागे येत होता. मी तो पुढे केला. हे मला स्पष्ट आठवतं, कारण तिच्या मनगटाला माझी बोटं लागलेली होती.

मादीनं मान वर केली. दोनदा भुंकली. मी म्हटलं, "बघ, बोलते तुझ्याशी." मग ती उठली आणि वळली आणि खडकावरून थेट पाण्यात गेली. तिच्या मागोमाग शेजारच्या आणखी दोघी-तिघी गेल्या. पिल्लू राहिलं. ते ओरडायला लागलं. करडू आईपासून तुटल्यावर ओरडतं ना, अगदी तसा आवाज.

माझ्याच वयाची एक बाई धापा टाकत आली. अंगात स्वयंसेवकांचं जाकीट. ती रागावली नाही, हे सांगायला हवं. हात जोडल्यासारखे करून म्हणाली, "प्लीज, शी इज अ मदर." मागे व्हा, सगळे मागे व्हा, असं तिनं बाकीच्यांनाही सांगितलं. आणि मी, जन्मभर वर्गात शिस्त लावलेली बाई, लेकीकडे वळून मराठीत काय म्हणाले असेन? म्हणाले, "समुद्र काय हिच्या बापाचा आहे?"

लेक काही बोलली नाही. जावईबापू दुसरीकडे पाहू लागले. आम्ही वर आलो. गाडीत बसल्यावर नातीनं विचारलं, "आजी, त्याची आई परत आली का गं?" मी म्हटलं, "हो, आली. तू पाहिलं नाहीस."

मी पाहिलं नव्हतं.

असो. त्यानंतर मी वाचत गेले. लेकीनं इंग्रजीतले कागद काढून दिले, अडलं तिथं समजावून दिलं. माझं शिक्षण मराठीतलं, बी. ए. सुद्धा, तेव्हा वेळ लागला. जे कळलं ते आमच्या सज्जन सहकाऱ्यांच्या 'प्रेमानेच जातात' या वाक्याशेजारी ठेवून बघते.

सी लायन खडकावर येतो तो आपल्याला भेटायला नव्हे. थंड पाण्यात मासे धरून दमलेलं अंग शेकायला, झोपायला, आणि मादी असेल तर पाजायला. पिल्लं बहुतेक जूनमध्ये होतात. पहिला आठवडाभर आई जवळच असते, मग तिला भूक लागते. ती दोन-तीन दिवस समुद्रात जाते, मासे खाते, परत येते, पिल्लाला हाका मारते. पिल्लू हाकेला ओ देतं. शेकडो पिल्लांत ती आपलं पोर आवाजानं ओळखते, जवळ आल्यावर हुंगून खात्री करते. मग एक-दोन दिवस पाजते आणि पुन्हा निघते. बाळंतिणीनं पोट बांधून शेतावर जावं तसला हा प्रपंच. खडकावरचा एकेक तास तिच्या हिशेबातला असतो. आपण गेलो की ती उठते, दूध तुटतं. ती गेली, दुसरी गेली, की सगळा कळप घाबरून पाण्याकडे पळतो, आणि त्या पळापळीत पिल्लं मोठ्यांच्या अंगाखाली चिरडली जाऊ शकतात. मी म्हटलं होतं, 'बोलते तुझ्याशी'. ती काय म्हणत होती ते मला आता कळतं, पण तेव्हा कळायला इंग्रजी लागत नव्हतं. वर्गातलं पोर नको म्हणतं तेव्हा त्याची मान कशी होते हे मला ठाऊक होतं. मादीची ठाऊक नव्हती आणि नातीचीही त्या क्षणी मी पाहिली नाही.

मग कोणी म्हणतं, त्यांना त्रास होत असता तर ते तिथं आलेच नसते. माणसांची त्यांना सवय झाली आहे. हे मी तिथंही ऐकलं, इथंही ऐकते. लोकलमध्ये मुंबईच्या माणसाला चेंगरून घ्यायची सवय झालेली असते, म्हणून त्याला ते आवडतं असं कोणी म्हणेल का? जागा थोड्या आहेत म्हणून ते येतात. सपाट खडक, जवळ खोल पाणी, वर कडा, म्हणजे जमिनीकडून वाट अवघड. अशा जागा काही मैलोगणती नसतात.

'आता त्यांची संख्या फार झाली' असाही एक सूर आहे. झाली, हे खरं. १९७२ साली अमेरिकेनं समुद्री सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याआधी कातड्यासाठी, तेलासाठी आणि मासे खातात म्हणून त्यांना मारत असत. १९७५ च्या सुमारास तिथले हे सी लायन नव्वद हजारांच्या आत होते, २००८ पर्यंत पावणेतीन लाखांच्या वर गेले. मासेमारांची याबद्दल तक्रार आहे आणि ती सगळीच खोटी नाही. जाळ्यातला मासा पळवला तर कोणाला आवडेल? पण मासेमाराची तक्रार वेगळी आणि फोन उंच धरून उभ्या असलेल्या माझ्यासारखीची सबब वेगळी. तो आपल्या पोटाचं बोलतो. मी कशाचं बोलत होते?

त्याच कायद्यानं त्यांना खायला घालणं, सतावणं हा गुन्हा ठरवला आहे. निदान ५० यार्ड, म्हणजे ४५ मीटर लांब राहा असं तिथलं सरकारी खातं सांगतं. त्या दिवशी मी चार फुटांवर होते.

खायला घालण्यावरून आठवलं. मे २०१७ मध्ये कॅनडात, व्हँकुव्हरजवळ स्टीव्हस्टन नावाच्या मच्छीमार बंदरात एक प्रकार झाला. तो व्हिडिओही तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. धक्क्याशी एक सी लायन आला होता. लोक कडेला ओणवून बघत होते, कोणीतरी पाव टाकत होतं. तो एकदा पाण्यातून वर उसळला, एका लहान मुलीच्या तोंडाजवळ आला. सगळे हसले. ती मुलगीही हसली आणि मग वळून धक्क्याच्या कडेवर बसली, पाण्याकडे पाठ करून. त्यानं पुन्हा उसळी मारली, तिच्या फ्रॉकला धरलं आणि तिला पाण्यात ओढलं. तिच्या आजोबांनी मागोमाग उडी घेतली आणि तिला वर काढलं. जखम थोडक्यात निभावली; पण सीलच्या चाव्यातून एक चिवट संसर्ग होतो, नेहमीच्या औषधांना न जुमानणारा, म्हणून तिला वेगळं औषध द्यावं लागलं.

त्यानंतर जगभरातून आईबापांना शिव्या. घरच्यांनी सांगितलं की पाव आम्ही टाकत नव्हतो. नसतीलही टाकत. मला त्या घराला दोष द्यायचा नाही. मी तो व्हिडिओ पुनःपुन्हा पाहिला, तो त्या पहिल्या हसण्यासाठी. तिथं उभं असलेलं एकही माणूस त्या पहिल्या उसळीला मागे सरत नाही. मीही सरले नसते. माणसाच्या हातातून खाणं मिळतं हे त्या प्राण्याला माणसांनीच शिकवलं. पांढरा फ्रॉक आणि पांढरा पाव यांतला फरक त्याला कोणी शिकवला नव्हता. माथेरानला माकडाला शेंगदाणे घालणाऱ्या आणि मग पर्स ओढली म्हणून बोंब मारणाऱ्या आपल्या लोकांना हे नव्यानं सांगायला नको.

आणि आता तर या सगळ्यावर एक नवं संकट आहे. समुद्रात एक जातीचं सूक्ष्म शेवाळ फोफावतं, त्यातून डोमोइक अॅसिड नावाचं विष तयार होतं. सार्डिन, अँचोव्ही असले छोटे मासे ते खातात, सी लायन ते मासे खातात, आणि विष त्यांच्या मेंदूत जातं. फिट्स येतात, मान मागे पडते, दिशा कळेनाशी होते. कॅलिफोर्नियात सी लायनमध्ये हे १९९८ साली पहिल्यांदा ध्यानात आलं. २०२३ च्या उन्हाळ्यात दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर शेकडो प्राणी असे पडले. २०२५ च्या वसंतात पुन्हा तेच. त्या वर्षी मार्चमध्ये एका सर्फरला आणि पोहण्याची परीक्षा देणाऱ्या एका पंधरा वर्षांच्या मुलीला सी लायन चावले. एरवी हे असं होत नाही. बातम्यांत पुन्हा तोच शब्द, 'हल्ला'. विषानं डोकं फिरलेल्या प्राण्याला तापात बरळणाऱ्या माणसाइतकीही सूट नाही.

असा आजारी प्राणी वाळूवर येतो तो बुडू नये म्हणून. पाण्यात फिट आली तर मरेल. आणि वाळूवर त्याच्याभोवती काय होतं? कडं. फोन. त्याला पाणी पाहिजे असेल म्हणून अंगावर बादली ओतायला, पुन्हा समुद्रात ढकलायला निघालेली दयाळू माणसं. वाचवणाऱ्या संस्थांना दर वेळी हात जोडून सांगावं लागतं, त्याला ढकलू नका, पाणी ओतू नका, लांब थांबा आणि आम्हाला फोन करा. प्रेमानेच जातात लोक! आमच्या सहकाऱ्यांचं खरं आहे. दुष्टपणानं जाणारे असतील थोडे. मी दुष्टपणानं गेले नव्हते. पण पिल्लाच्या पोटात जे दूध गेलं नाही, त्याला माझं मन चांगलं होतं याचा काय उपयोग?

एका बाजूची बाजू मात्र मला मांडलीच पाहिजे. कॅलिफोर्नियात समुद्रकिनारा सगळ्यांचा आहे, अशी तिथल्या लोकांची पक्की भावना आहे. १९७६ च्या त्यांच्या किनारा कायद्याचा तो पायाच आहे. श्रीमंतांनी कुंपण घालून समुद्र अडवू नये म्हणून लोक भांडले. त्याच ला होयात, त्या खडकांपासून थोड्याच अंतरावर, १९३१ च्या सुमारास एलन ब्राउनिंग स्क्रिप्स या बाईंनी स्वतःच्या पैशांनी समुद्रात एक भिंत बांधून घेतली, लहान मुलांना लाटांची भीती न बाळगता डुंबता यावं म्हणून. नावच 'चिल्ड्रन्स पूल'. पुढे १९९० च्या दशकात तिथं हार्बर सील येऊन राहिले. मुलं आधी की सील आधी, यावर वर्षानुवर्षं कोर्टकज्जे झाले. २०१४ पासून १५ डिसेंबर ते १५ मे ती वाळू माणसांना बंद असते, विणीसाठी. लहानपणी तिथं पोहायला शिकलेल्या कोणाला वाईट वाटत असेल तर मी त्याला हसणार नाही. आपल्याकडेही अभयारण्य झालं म्हणून ज्याची गुरं चरायची वाट गेली त्याला पर्यावरणाची व्याख्यानं देणारे आपण, शहरातले, कोण?

आणि तिथले रोज पोहणारे, भाले घेऊन मासे मारणारे, ही मंडळी माझ्यापेक्षा कितीतरी बरी. लेकीच्या ओळखीचे एक गृहस्थ वर्षानुवर्षं त्या खाडीत पोहतात. ते म्हणाले, पाण्यात सी लायन आपण होऊन जवळ येतात. विशेषतः तरणे. खालून येतात, तोंडाजवळ बुडबुडे सोडतात, उलटे होऊन बघतात आणि निघून जातात. मी विचारलं, तुम्ही हात लावता? ते म्हणाले, "लावू गेलो तर लागणारच नाही. पाण्यात ते मला धरू शकतात, मी त्यांना नाही."

मला ते फार पटलं. पाण्यात तो येतो आणि तोच जातो. खडकावर मात्र आपण जातो, आणि जायचं की राहायचं हा निर्णय त्याच्याकडून आपण काढून घेतो. आपल्या भाषेत याला एक शब्द आहे, सलगी. जवळीक दोघांची असते, सलगी एकजण करतो. शाळेत एखादा पाहुणा यायचा, पोरांचे गालगुच्चे घ्यायचा, पोरं आक्रसायची आणि आम्ही शिक्षक कौतुकानं हसायचो. 'काका आहेत ना ते!' म्हणायचो. आजकालची बाई तसं करू देणार नाही, आणि बरोबरच आहे तिचं.

'पण मग मुलांना निसर्गाची ओढ कशी लागणार?' हा शेवटचा आणि मला सर्वांत बोचणारा प्रश्न, कारण तो माझ्या धंद्यातला आहे. स्पर्शानं मूल शिकतं हे मीच पालकसभांत सांगत आले. माती चिवडू द्या, झाडावर चढू द्या. त्यातलं काही मी मागे घेत नाही. पण मी नातीचा हात पुढे केला तेव्हा ती काय शिकली? ती घाबरत होती, म्हणजे तिला स्वतःहून कळत होतं की हा आपला नाही, याच्या आणि आपल्यामध्ये काहीतरी आहे. ते शहाणपण तिच्यात आयतं होतं. मी ते पुसलं. नको म्हणणाऱ्या प्राण्याला हात लावायचा, आणि नको म्हणणाऱ्या आपल्या मनाचंही ऐकायचं नाही, असे दोन धडे मी तिला एका झटक्यात दिले. आणि तिसरा गाडीत, खोटं बोलायचा.

२०२२ मध्ये ते खडक, पॉइंट ला होया म्हणतात त्याला, विणीच्या मोसमात माणसांना बंद केले. २०२३ साली ते बारा महिने बंद ठेवायचा निर्णय झाला. पुष्कळ आरडाओरडा झाला. 'समुद्र काय यांच्या बापाचा आहे' हे इंग्रजीत लोक कसं म्हणाले कोण जाणे, पण म्हणाले. शेजारच्या वाळूवर, त्या व्हिडिओतल्या, अजून जाता येतं. कड्यावरच्या फुटपाथवरून खडकावरचे सी लायन स्वच्छ दिसतात. वाससुद्धा चांगला येतो. बघायचंच असेल तर तिथून काहीही चुकत नाही. फक्त आपण फोटोत येत नाही. मला वाटतं सगळी कळ तिथंच आहे. सी लायन बघायला मिळत नाही ही लोकांची तक्रार नाहीच. सी लायनबरोबर आपण दिसत नाही, ही आहे.

गेल्या खेपेला मी गेले तेव्हा आम्ही दोघी तिथं वरच थांबलो. गुडघ्यांमुळे मला आता खाली उतरवतही नाही, तेव्हा यात माझा काही मोठेपणा नाही. कठड्याला टेकून उभ्या होतो. नात आता माझ्यापेक्षा उंच झाली आहे. खाली एक मादी समुद्रातून वर आली आणि हाका मारायला लागली. खडकाच्या पलीकडून कुठूनतरी बारीक ओ आली. मग बराच वेळ दोन्ही आवाज, थोडे जवळ, थोडे लांब. नात एकदम म्हणाली, "आजी, तेव्हा ती परत आली नव्हती ना?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही गं. मी थांबलेच नाही बघायला."

ती काही बोलली नाही. खालच्या हाका चालूच होत्या. लेकीनं गाडीतून हॉर्न दिला तरी आम्ही आणखी थोडा वेळ तिथंच उभ्या राहिलो, ते पिल्लू खडकाच्या कडेनं येताना दिसेपर्यंत.